दशांश

पाळकसाहेब म्हणाले, दोन शब्द बोला.
मी तुमच्यातला नाही.
कधी उभं राहायचं, कधी बसायचं, ठाऊक नाही;
पुढच्या बाकावरच्या मावशी उठल्या की उठतो.
हात रॉकेलनं धुतलेत, तरी नखांत काळं आहे.
त्यांच्याही नखांत आहे. बघा हवं तर,
पेटी अजून उघडी आहे.

उद्यमनगरात सुट्टी सोमवारची,
तुमचा देव रविवारचा.
एवढ्या एका फरकापायी सिलासबापूंनी
चौतीस वर्षं दर आठवड्याला अर्धा खाडा सोसला.
रविवारी एकच्या ठोक्याला यायचे,
इस्त्रीचा पांढरा शर्ट खिळ्याला टांगायचे,
आणि लेथचा पट्टा चढवताना काहीतरी गुणगुणायचे.
ते मला कधी पुरं ऐकू आलं नाही.
मोटर चालू व्हायची.

व्हर्नियर त्यांनीच दिला हातात, सोळाव्या वर्षी.
"ह्यो दशांश. डोळा जवळ आण. आणिक जवळ.
मापात पाप नको रं."
पुढं कळलं, तुमच्यात दशांश म्हणजे निराळंच काही:
पगाराचा दहावा वाटा, पाकिटात घालून, देवाला.
मला वाटायचं, एकच शब्द असणार.
त्यांनाही बहुतेक तसंच वाटत होतं.

आता एक सांगतो. घरीसुद्धा सांगितलेलं नाही.
गनमेटलचा कीस, सोन्यागत पिवळा,
जेवणाच्या डब्यात भरून
मी तीन महिने भंगारवाल्याला विकला.
बहिणीचं लग्न होतं, असं म्हणणार होतो.
लग्न नव्हतं. मला मोबाइल पाहिजे होता.
मालक दर शनिवारी कीस तोलायचा.
काटा एकदाही कमी भरला नाही.
मी म्हटलं, नशीब.

गेल्या मंगळवारी, ते दवाखान्यात असताना,
चष्मा आणायला त्यांचं कपाट उघडलं
तर खाली वही.
दूध. वीज. चर्च. नातीची फी.
आणि एका जुन्या पानावर, ओळीनं बारा शनिवार,
त्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात:
"कीस, दीड किलो. पोराचा."
विकत आणून टाकत होते.
त्याच भंगारवाल्याकडून. कदाचित माझाच.

त्या तीन महिन्यांत एक अक्षर बोलले नाहीत.
चहा अर्धा माझ्या बशीत ओतायचे,
तसाच ओतत राहिले.

वही घेऊन दवाखान्यात गेलो.
त्यांनी चष्मा घेतला, पुसला, घातला,
पान बघितलं,
वही मिटून माझ्या हातात परत दिली.
"हिशोब मिटलाय," म्हणाले.
"डाळिंब आणलंस का?"

हे सगळं बोलायचं होतं.
माईकपुढं उभा राहिलो,
"बापू मापाचा माणूस होता" एवढंच म्हणालो
आणि खाली बसलो.
मावशींनी न वळता मागं हात करून
माझ्या गुडघ्यावर थापटलं.

माती द्यायला गेलो तर खड्डा आखूड.
खणणारा म्हणाला, चार बोटं असेल, बसेल तिरकी.
पेटी खांद्यावर, मंडळी उन्हात,
पाळकसाहेबांचा झगा वाऱ्यानं फडफडतोय.
माझ्या खिशात बापूंची पोलादी पट्टी होती.
खाली उतरलो.
चार बोटं नव्हतं, साडेचार इंच होतं.
खोरं मागून घेतलं आणि मीच खणलं,
सहा इंच,
दीड जास्तीचं.
आयुष्यात एकदा त्यांच्यासाठी माप सैल सोडलं;
दाटीत झोप यायची नाही त्यांना.

मूठमाती टाकताना
सगळ्यांचे ओठ हलत होते.
मी "आमेन" म्हणालो, जरा उशिरा.

उद्या सोमवार. उद्यमनगर बंद.
सोमवारी बापू सीपीआरला जायचे,
ज्याचं कुणी भेटायला येत नाही
त्याच्या खाटेशी बसायचे, नखं कापून द्यायचे.
हे मला त्यांच्या सुनेकडून आज कळलं.
मला वाटायचं, सोमवारी ते झोपत असतील.

गेटवर विचारून आलोय.
भेटायची वेळ चार ते सहा.
नेलकटर बापूंचाच आहे,
थोडा बोथट झालाय,
सकाळी धार लावून घेईन.